कालवडीला हाताची सवय आधीच लावा, पहिलारू लाथ मारणार नाही



गेल्या आठवड्यात एका सभासद ताईंचा फोन आला. पहिलारू गाय व्यायला दहा दिवस झालेत, पण कासेला हात लावला की लाथ. मागचे पाय बांधून दोघं मिळून दूध काढतात, तरी पान्हा चोरते. घरचे म्हणतात, बाजार दाखवू. मी विचारलं, "ताई, व्यायच्या आधी तिच्या कासेला कधी हात लावला होता का?" म्हणाल्या, "नाही हो सर. मागं बांधलेली असायची. वैरण टाकायची आणि यायचं."

गायीचं काय चुकलं? दोन-अडीच वर्षं कुणी अंगाला हात लावला नाही आणि एके दिवशी सुजलेली कास दाबायला लागले. ती घाबरणारच. कास चोळल्यावर पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच असतो. जनावर घाबरलं की अंगात ॲड्रेनॅलिन सुटतं आणि पान्हा अडतो. म्हणजे मारून, बांधून दूध कमीच मिळणार. पान्ह्याचं इंजेक्शन तर नकोच. दुधासाठी ते टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

*वासरू लहान असताना*
पहिल्या दिवसापासून चीक, दूध पाजताना गळ्याखाली, मानेवर, पाठीवर खाजवा. गाय जिथं चाटते तिथंच वासराला बरं वाटतं. रोज पाच मिनिटं पुरे. कपाळ मात्र चोळू नका, ढकलू नका. मी लहानपणी आमच्या गोऱ्ह्याशी टक्कर खेळायचो. मजा यायची. दोन वर्षांनी त्याच खोंडाने वडिलांना गव्हाणीवर दाबलं. त्याच्या लेखी तो खेळच होता! घरातल्या पोरांना हे नक्की सांगा.

दोन-तीन महिन्यांची झाली की म्होरकी घाला. ओढाताण करायची नाही. दोर हलका ताणून धरा, तिने एक पाऊल टाकलं की लगेच सैल सोडा. पुढं आलं की ताण जातो, हे तिला चार दिवसांत कळतं.

जवळ जाताना आवाज देत, बाजूने जा. गायीला बरोबर पाठीमागचं दिसत नाही, तिथून अचानक हात लागला की पाय उडतो.

*गाभण कालवड, शेवटचे दोन महिने*
खरं काम इथं आहे. रोज ठरलेल्या वेळी दूध काढायच्या जागेवर आणा, थोडी पेंड टाका. मिल्किंग मशीन असेल तर त्याचा आवाज कानावर पडू द्या. हात आधी पाठीवर, मग मांडीवर, मग कासेवर. पाय उचलला तर दचकून हात काढू नका, नाहीतर "लाथ मारली की माणूस जातो" हेच ती शिकते. स्वतःला जपून हात तसाच ठेवा, ती शांत झाली की मगच काढा.

⚠️ सड पिळून बघू नका. सडाच्या टोकाला मेणासारखं बूच असतं, ते निघालं तर जंतू आत जाऊन दगडी होऊ शकते. फक्त वरून हात फिरवा.

हे सगळं जो पुढं दूध काढणार त्यानेच करायचं. बहुतेक घरांत ते काम ताईंकडेच असतं. आणि लस टोचताना किंवा शिंगं जाळताना त्याच माणसाने वासरू धरू नये. ते काम दुसऱ्याला सांगा.

*आत्ताच लाथ मारत असेल तर?*
आधी सडाला चिरा, कासेला सूज, दुधात गाठी आहेत का बघा. दुखत असेल तर डॉक्टरांना बोलवा, सवयीचं नंतर. ताईंच्या गायीच्या दोन सडांना चिरा निघाल्या. औषध चालू आहे, पायाची दोरी परवापासून सोडलीय. सध्या एकाने पुढं उभं राहून मान खाजवायची आणि दुसऱ्याने दूध काढायचं, असं चाललंय. बाजाराचा विषय थांबलाय.

ज्यांची कालवड सात महिन्यांची गाभण आहे, त्यांनी याच नंबरवर "कालवड" लिहून गावाचं नाव पाठवा. गावात आलो की गोठ्यावर येऊन हात कसा लावायचा ते दाखवतो. म्हशीची पारडी असली तरी चालेल.