पोथीवरचा पिवळा लेप

प्रश्न : घरातल्या जुन्या हस्तलिखित पोथीत काही अक्षरांवर पिवळा लेप आहे. वडील म्हणतात, तो हरताळ. म्हणजे सोमलच का? – एक वाचक, नेसरी (ता. गडहिंग्लज)

उत्तर : वडिलांचा अंदाज बहुधा बरोबर आहे. चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक हरताळ लावत. पण हरताळ म्हणजे सोमल नव्हे. हरताळात आर्सेनिकच्या 2 अणूंना गंधकाचे 3 अणू, म्हणून तो आर्सेनिक ट्रायसल्फाइड. सोमलात गंधकाच्या जागी ऑक्सिजन; तो आर्सेनिक ट्रायऑक्साइड. रंगाने पांढरा, पाण्यात थोडा विरघळणारा, आणि म्हणूनच जास्त घातक. तांबडी मनशीळ गंधकाचीच, मात्र तिच्यात दोन्ही अणू समसमान. उजेडात राहून तीही पिवळी पडते, तेव्हा नुसत्या रंगावर नाव ठरवू नये.

हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण हवा आणि उजेड लागून जुना लेप हळूहळू सोमलात बदलू शकतो. जाळला तर सोमलाचाच धूर निघतो. म्हणून पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, ही सवय खरोखर धोक्याची आहे. लेप खरवडू नका, फाटकी पानं बंबात घालू नका. पोथी कोरड्या, अंधाऱ्या पेटीत ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा.