‘फेन्ट’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी भाषेंतील ‘फेन्ट’ हें क्रियापद दिसावयास लहान आहे; परंतु त्याच्या अर्थाविषयीं विद्यार्थिवर्गांत बराच घोटाळा आढळतो. कोशांतील ‘मूर्च्छा येणें’ हा अर्थ वाचून मुलें तोच सर्वत्र लावितात. लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत विधवा व अन्यायी न्यायाधीश ह्यांचा दाखला आहे. त्याच्या आरंभीं १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत हेंच क्रियापद आलें आहे. तेथें मूर्च्छेचा अर्थ घेतल्यास, प्रार्थना करितांना कोणी जमिनीवर कोसळूं नये, असा विपरीत बोध होईल! म्हणून ह्या शब्दाचा थोडा विचार करूं.

हा शब्द इंग्रजींत जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. ‘ढोंग करणें’ अशा अर्थाच्या धातूपासून तो निघाला असून, सोंग करणें ह्या अर्थाचें ‘फेन’ हें क्रियापद त्याचें भावंड होय. प्रथम ढोंगी, मग कामचुकार, मग भित्रा, आणि शेवटीं दुर्बल, अशा पायऱ्यांनीं त्याचा अर्थ बदलत गेला. क्रियापद म्हणून ‘धीर खचणें, शक्ति गळणें’ हा अर्थ आधीं रूढ झाला. मूर्च्छेचा अर्थ त्यामागून आला. आज मात्र बोलण्यांत मागून आलेलाच अर्थ मुख्य होऊन बसला आहे. म्हणूनच १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या कराराच्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरांत, लूकच्या वरील स्थळीं, ‘लूज हार्ट’ म्हणजे धीर सोडणें, असे शब्द घातले आहेत.

मत्तयाच्या १५ व्या अध्यायांत तीन दिवसांच्या उपाशी समुदायाविषयीं, आणि गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायांत सत्कर्म करणाऱ्यांविषयीं, १६११ च्या भाषांतरांत ‘फेन्ट’ हाच शब्द आहे. दोन्ही ठिकाणीं मूळ ग्रीक क्रियापदही एकच असून त्याचा धात्वर्थ ‘सैल पडणें’ असा आहे. आपणही गात्रें सैल पडलीं असें म्हणतों. पहिल्या स्थळीं देह गळतो, दुसऱ्या स्थळीं मन.

आतां उपयोग पाहूं. हें क्रियापद अकर्मक आहे. ‘मला मूर्च्छा आली’ ह्यास ‘आय फेन्टेड’ म्हणावें. ‘आय वॉज फेन्टेड’ हें अशुद्ध होय. भुकेनें मूर्च्छा आल्यास ‘फ्रॉम हंगर’, आणि रक्त पाहून आल्यास ‘ॲट द साइट ऑफ ब्लड’ असें लिहावें. दुसऱ्यास दुर्बल करणें असल्यास ‘वीकन’ हें क्रियापद योजावें. उत्साह हळूहळू मंदावणें ह्यास ‘फ्लॅग’ शोभतें. विशेषण झालें म्हणजे ‘फेन्ट’ चा अर्थ अंधुक किंवा क्षीण असा होतो. जसें, क्षीण आवाज, अंधुक आशा. ‘ए’ च्या जागीं ‘ई’ घातल्यास उच्चार तोच राहतो, परंतु अर्थ ‘शत्रूस फसविण्याकरितां केलेली खोटी चाल’ असा होतो. म्हणून वर्णलेखनाकडे लक्ष द्यावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. मूल मूर्च्छित झाल्यास आपण त्यास निजवितों, पाय उंच करितों, कपडे सैल करितों. बहुधा तें लवकरच सावध होतें. त्यांत त्याचा कांहीं दोष नसतो. परंतु गणितांत एकदां नापास झालेलें मूल पुस्तक मिटून गप्प बसतें, तेव्हां तेंही ‘फेन्ट’ च झालेलें असतें. उभें दिसतें, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशा वेळीं कठोर शब्द बोलणें म्हणजे पडलेल्यास चालावयास लावणें होय. गलतीकरांस लिहितांना पौलानें कापणीचा दृष्टांत योजिला आहे. पेरणी व कापणी ह्यांमध्यें पुष्कळ दिवस जातात, आणि शेतकऱ्याची खरी कसोटी त्याच दिवसांत लागते. विद्यार्थिमित्रहो, ह्या क्रियापदाच्या आधीं ‘नॉट’ घालावयास शिका. व्याकरणांत तें सोपें आहे, आयुष्यांत त्यास सराव लागतो.