पायांची आग आणि बी-१२

मधुमेह असला की पायाची प्रत्येक तक्रार साखरेच्या खात्यावर जमा होते. माझंही तेच झालं. साखर आटोक्यात होती, तरी तळवे बधिर. जिना चढताना चप्पल मागच्या पायरीवरच राहिली, ते मला बायकोने सांगितल्यावर कळलं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा. नळ धरून अंघोळ उरकायची. चिडचिड वाढली, नावं आठवेनात. ते सगळ्यांनी वयावर ढकललं.

हिमोग्लोबिन कमी म्हणून फॉलिक अॅसिड आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रिपोर्ट सुधारला, पाय बिघडतच गेले. गोम इथेच आहे. बी-१२ कमी असतानाही फॉलिक अॅसिडने रक्त सुधारतं, पण नसांची झीज थांबत नाही. (फॉलिक अॅसिडचा माग मुंबईतच लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये इथे आल्या आणि गरोदर बायकांचा पंडुरोग त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा केला.)

शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी घोट्यावर नादकाटा टेकवला. कंप जाणवलाच नाही. बी-१२ निघालं २०० च्या किमान पातळीपेक्षा बरंच खाली. कारणं उघड होती: घरी मांस-अंडं वर्ज्य, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल. ही दोन्ही औषधं बी-१२चं शोषण कमी करतात. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे घसरण कळत नाही.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर डोकं लवकर ताळ्यावर आलं. तळव्यांचा बधिरपणा थोडा राहिलाच. नस फार काळ उपाशी राहिली की सगळं परत येत नाही.

तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावं, आणि तेही बी-१२च्या गोळ्या सुरू करण्याआधी. नंतर आकडा फुगतो. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नये. दूध-दही रोज हवं. स्पिरुलिनावर भिस्त नको, त्यातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरता येत नाही. कमतरता नसेल तर निव्वळ मूड सुधारावा म्हणून बी-१२च्या गोळ्या घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि ‘नसांची ताकद’ म्हणून दुकानदार देतो त्या पाकिटामागे पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती आहे ते वाचा. जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर तेच पाय बधिर करतं.