नव्या काचपेटीचे पहिले सहा आठवडे

घरात मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. काचपेटी आणावी, वाळू पसरावी, पाणी भरावे, चार रोपे लावावीत आणि त्याच संध्याकाळी पिशवीतून आणलेले मासे पेटीत सोडावेत, असा बहुतेकांचा क्रम असतो. पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. पुढे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, खाणे टाकतात आणि आठ-पंधरा दिवसांत एकेक करून मरतात. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत असते! मग दोष थंडीला, खाद्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. खरे कारण मात्र बहुधा एकच असते : पेटी नवी असते.

नव्या पेटीत असे काय उणे असते? ते समजले, तर काचपेटी ही केवळ शोभेची वस्तू न राहता घरातील एक छोटी प्रयोगशाळा होईल.

स्वच्छ पाण्यातील विष

अन्नातील प्रथिनांत नत्र असते. प्रथिने वापरल्यावर उरणारे नत्र आपल्या शरीरातून मुख्यतः युरियाच्या रूपाने बाहेर पडते. मासे ते बहुतांशी अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतात. न खाल्लेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो.

एक सोपे गणित करू. समजा, पेटीत ४५ लिटर पाणी आहे आणि आपण दररोज १ ग्रॅम खाद्य टाकतो. खाद्यात ४० टक्के प्रथिने असतील, तर ती ४०० मिलिग्रॅम झाली. प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र असते, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यातले निम्मे जरी अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरले, तरी ३२ मिलिग्रॅम होतात. ४५ लिटरमध्ये हे प्रमाण दर लिटरला ०.७ मिलिग्रॅम झाले. हे एका दिवसाचे. नदीत हा अमोनिया पसरून विरळ होतो. पेटीत तो जागच्या जागी साठत जातो आणि डोळ्यांना दिसत नाही.

वीस दिवसांचे कोडे

मग जुन्या पेटीतील मासे कसे जगतात? याचे उत्तर १८७७ साली फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगात आहे. श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू व चुनखडी भरली आणि तीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. जेवढा अमोनिया वरून जाई, तेवढाच खालून बाहेर येई. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला.

ही केवळ रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस कशासाठी लागले? शास्त्रज्ञांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ती पुन्हा सुरू होईना. मग मातीचे थोडे धुवण नळीत घातले आणि काही दिवसांनी क्रिया पूर्ववत चालू झाली. निष्कर्ष स्पष्ट होता : अमोनियाचे नायट्रेट करणारे सजीव वाळूत वाढले होते, आणि वीस दिवस त्यांची संख्या वाढण्यात गेले होते.

पुढे १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखविले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. या क्रियेला नत्रीकरण म्हणतात. दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा जीवाणूही असल्याचे २०१५ साली सिद्ध झाले. त्याचा एक नमुना सापडला, तो मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या गाळणीत!

नव्या पेटीत उणे असतात ते हे जीवाणू. ते पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा खडे, काच, रोपांची पाने आणि गाळणीचा स्पंज यांना चिकटून वाढतात. त्यांची वाढ फार सावकाश होते. अन्न नासविणारे कित्येक जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. नत्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून पेटी तयार होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

शिरूर-दौंडचे पाणी

शिरूर घोड नदीच्या काठी आहे. गावाला घोडनदी हे नावही त्यावरूनच पडले. दौंड भीमेच्या काठी आहे. हा सारा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. विहिरीचे व बोअरचे पाणी या खडकातून आणि चुनखडीयुक्त जमिनीतून झिरपत येते. त्यामुळे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाला फेस कमी येतो, पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. असे पाणी म्हणजे दुष्फेन पाणी होय. ते बहुधा किंचित अल्कधर्मी असते. त्याचा सामू ७.५ ते ८.५ च्या आसपास आढळतो.

माशांच्या दृष्टीने या गोष्टीला दोन बाजू आहेत. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप अमोनियम आयनाचे, ते फारसे विषारी नाही. दुसरे मुक्त अमोनियाचे, ते कल्ल्यांना इजा करते. सामू वाढला, की मुक्त अमोनियाचा वाटा झपाट्याने वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला तो असा असतो :

सामू ७.० — सुमारे ०.६ टक्के
सामू ७.५ — सुमारे १.८ टक्के
सामू ८.० — सुमारे ५ टक्के
सामू ८.५ — सुमारे १५ टक्के

म्हणजे तोच अमोनिया, तेवढाच अमोनिया, पण सामू ८ च्या पाण्यात तो सामू ७ च्या पाण्यापेक्षा सुमारे नऊपट घातक ठरतो. मुक्त अमोनिया दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला, की कल्ल्यांना इजा होऊ लागते. वरच्या गणितातील पेटीत सामू ८ असेल, तर दुसऱ्या दिवशीच ही मर्यादा ओलांडली जाते. घाईने मासे सोडण्याची शिक्षा म्हणूनच आपल्याकडे अधिक कडक असते.

आता दुसरी बाजू. नत्रीकरण होताना आम्ल तयार होते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम चुनखडीइतकी अल्कता खर्च होते. सुफेन पाण्यात ही शिल्लक लवकर संपते, सामू घसरतो आणि जीवाणूंचे काम मंदावते. आपल्या दुष्फेन पाण्यात ही शिल्लक भरपूर असते. म्हणजे जे पाणी नव्या पेटीत माशांचा जीव घेते, तेच पाणी पेटी तयार झाल्यावर तिला स्थिर ठेवते!

पेटीची मांडणी

१) ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटी घ्या. लहान पेटीपेक्षा मोठी पेटी सांभाळणे सोपे, कारण जास्त पाण्यात बदल हळूहळू होतात. भरलेल्या पेटीचे वजन ६० किलोंहून अधिक होते, म्हणून बैठक भक्कम व सपाट हवी. पेटी थेट उन्हात ठेवू नका. पाणी तापेल आणि शेवाळ माजेल.

२) वाळू चाळल्यावर चाळणीवर उरणारी बारीक गोटी तळाला घालण्यास चांगली. ती गढूळपणा जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. साबण वापरू नका. चार खडे वेगळे काढून त्यांवर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले, तर त्यात चुनखडी आहे असे समजा. आपले पाणी आधीच दुष्फेन असल्याने असे खडे नकोत.

३) नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकली जाणारी टी.सी.एल. पावडर हा त्याचाच एक प्रकार. क्लोरीन माशांनाही मारक आणि जीवाणूंनाही. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवल्यास तो बहुतेक उडून जातो. घाई असल्यास मासेविक्रेत्याकडील क्लोरीननाशक सांगितलेल्या प्रमाणात घाला. त्यात बहुधा छायाचित्रकारांचा 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट असतो.

४) पाणी विहिरीचे असेल, तर त्यातील नायट्रेट आधीच तपासा. उसाच्या बागाईत पट्ट्यात खताचे नत्र झिरपून विहिरीत उतरू शकते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

५) हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजची गाळणी लावा. जीवाणूंना राहण्यास जागा आणि श्वसनास प्राणवायू, दोन्ही तीतून मिळतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नत्रासाठी त्यांना सुमारे ४.५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. वॅलिसनेरिया किंवा हायड्रिलासारखी रोपे लावा. ती अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात.

मासे नसलेली पेटी

आता मासे न सोडता पेटी चालू ठेवायची. दररोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जीवाणूंना अन्न मिळेल. दर तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजा. थेंबांनी रंग पाहण्याचे तपासणी-संच मिळतात; शाळेने एक संच घेतला, तर अनेकांना पुरतो.

आकडे साधारणतः असे चालतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो. पुढे तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. नायट्राइटही विषारीच आहे. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. शेवटी नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट वाढत जाते. खाद्य टाकूनही दुसऱ्या दिवशी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले, की पेटी तयार झाली. थंडीच्या दिवसांत याला अधिक वेळ लागतो. जुन्या निरोगी पेटीतील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे आणून टाकल्यास बराच वेळ वाचतो. श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी मातीचे धुवण घातले, त्यातलाच हा प्रकार.

मग निम्मे पाणी बदला, म्हणजे साठलेले नायट्रेट कमी होईल, आणि चार-पाच लहान मासे सोडा. दुष्फेन पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे चांगले राहतात. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. दोन मिनिटांत संपेल तेवढेच खाद्य द्या. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नका; पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाही तर महिन्याची मिळकत एका मिनिटात वाहून जाईल. वीज बराच वेळ गेल्यास मगाने पाणी उचलून वरून ओतत राहा. उन्हाळ्यात तर हे अगत्याने करा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात.

पेटीपासून भीमेपर्यंत

पेटीत घडते, तेच नदीत घडते. पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ, शिरूर व दौंड तालुक्यांच्या सीमेवर, भीमेला मिळते. तिच्यातून शहराचे सांडपाणी येते. काही शुद्ध केलेले, काही तसेच. त्यातील अमोनियावर नदीतील दगडगोट्यांना चिकटलेले जीवाणू काम करतात. पण भार वाढला, की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तेही थकतात. उरलेले नत्र व स्फुरद खाली वाहत जाऊन १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात पोचते. तेथे शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात. पेटीत जास्त खाद्य टाकले की काच हिरवी होते, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की नदीचे पाव हिस्सा पाणी दर आठवड्याला कोणी बदलू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. नकोसे झालेले मासे घोड, भीमा किंवा कालव्यात कधीही सोडू नका. काच साफ ठेवण्यासाठी विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आज तो उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो, जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईकही नसते. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी मित्राला द्या.

करून पाहा

दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हींत क्लोरीन उडून गेलेले २ लिटर पाणी भरा. एकीत जुन्या पेटीतील मूठभर खडे घाला. दुसरीत तसेच खडे, पण अर्धा तास उकळून थंड केलेले, घाला. दोन्हींत मोहरीच्या दोन दाण्यांएवढे माशांचे खाद्य टाका आणि हवेची नळी सोडा. मासे घालू नका. दर तीन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट मोजून आलेख काढा. प्रयोगानंतर हात साबणाने धुवा.

विचार करा

१) अमोनिया कोणत्या बरणीत आधी उतरेल? का?
२) उकळलेल्या खड्यांच्या बरणीतही काही आठवड्यांनी नायट्राइट दिसू लागले, तर जीवाणू कोठून आले असतील?
३) सामू ८ असलेल्या पाण्यात एकूण अमोनिया-नत्र लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. तापमान २५ अंश असल्यास मुक्त अमोनिया किती? मासे सुरक्षित आहेत काय?