चांद्यात तीन तास

चंद्रपूरला आपली माणसं कितीदा तरी जातात. कुणी लग्नाला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी महाकालीच्या नवसाला. काम झालं की लगेच बसस्टँड गाठतात. दूरचे पाहुणे ताडोबाचा वाघ पाहतात आणि शहरात पाय न ठेवता परत जातात. हे काही आम्हांला पटत नाही. जुने लोक या गावाला चांदा म्हणत. चांदा ही गोंड राजांची राजधानी. आपलं नागपूर वसवलं तेही गोंड राजानंच, देवगडच्या बख्त बुलंद शहानं. मग शेजारची राजधानी पाहायला तीन तास काढले तर काय बिघडलं?

आमच्या हुडकेश्वरहून आधी गणेशपेठचा बसस्टँड गाठावा. तिथून चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर. बायांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पहाटेची गाडी धरा. चांद्याचं ऊन फार वाईट. उन्हाळ्यात दुपारी तिथं फिरूच नये.

बसस्टँडवरून बाजाराकडे चालू लागा. जटपुरा दरवाजा लागतो. मान वर करून पाहा. दगडात सिंह कोरला आहे. त्यानं हत्तीला दाबून धरलं आहे. ही गोंड राजांची खूण. गावाच्या तटाला असे चार दरवाजे आहेत : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. लहान वाटांना खिडक्या म्हणतात. एकीचं नाव विठोबा खिडकी, एकीचं हनुमान खिडकी, तर एकीचं चक्क चोर खिडकी!

या तटाची एक गोष्ट सांगतात. राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गळवं होती. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खड्ड्यात थोडं पाणी होतं. राजा ते प्याला, तोंड धुतलं, आणि गळवं बरी झाली. राणीनं ती जागा पवित्र मानली. तिथं अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढं त्याच रानात राजानं एक नवल पाहिलं. कुत्रा सशामागं नव्हता, ससाच कुत्र्यामागं लागला होता! राजानं घोडा मागं घातला. ससा जिथून धावला, त्याच रेषेवर तट बांधायचं ठरलं. गोष्ट खरी की खोटी, ते सोडा. तट मात्र खरा आहे. तो पुरा व्हायला राजांच्या कित्येक पिढ्या लागल्या.

सरळ बाजारातून अंचलेश्वर दरवाजाकडे जा. तिथं राजा बीरशहाची समाधी आहे. राजाचा खून झाला. राणी हिराईला मुलगा नव्हता. तिनं मुलगा दत्तक घेतला आणि स्वतः राज्य सांभाळलं. ही समाधी तिनंच बांधली. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेला ताजमहाल सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेली ही इमारत चांद्याबाहेर किती जणांना माहीत आहे? जवळच्या महाकालीच्या देवळाशीही हिराईचंच नाव जोडलेलं आहे. चैत्रात तिथं मोठी यात्रा भरते. नांदेडकडून, तेलंगणातून माणसं गाणी म्हणत येतात. हळद, कुंकू, बांगड्या, झेंडे, सगळीकडे रंगच रंग.

तटाचे मात्र हाल झाले. झुडपं वाढली, दगड ढळले, कचरा साचला. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी श्रमदान करून तो साफ करायला घेतला. पगार नाही, भत्ता नाही. तटावर उभे राहिलात तर त्यांची मेहनत दिसेल.

परतीला ऑटो मिळतो. बसस्टँडवर गाडीचा फलक स्वतः वाचा आणि मगच चढा.