बरोबरच्या खुणा

अहिल्यानगर

चि. रूथ,

तुझी वही मी मुद्दाम पाहिली नाही, चादर बदलताना हाताला लागली. तारखेपुढे बरोबरच्या खुणा: प्रार्थना, तीन अध्याय, उपवास. आणि नापास झालीस त्या आठवड्यापुढे लाल शाईत 'दोन दिवस चुकले'. म्हणजे देवाने हजेरी घेतली आणि गुण कापले, असा तुझा हिशेब! वही होती तिथे ठेवली, पण गप्प बसवेना.

पंडिता रमाबाईंचंच बघ. केडगावच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवून बाईंचं मराठी बायबल छापलं, हे आपल्यात सगळे सांगतात. बाईंना शांती मिळायला किती वर्षं लागली, ते सहसा कोणी सांगत नाही. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, बरोबर लहानगी मुलगी मनोरमा. पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि त्या काळातही बाई काही मान खाली घालून बसल्या नव्हत्या. तिथल्या सिस्टरबाईंशी पत्रांतून वाद चालायचा. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, आमच्या संस्कृतने काय घोडं मारलंय? इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं कुणाचं मानेवर घेणार नाही, हेही स्वच्छ कळवलं. हा भाग प्रवचनात फारसा येत नाही. मला मात्र बाई इथेच आपल्या वाटतात.

तुझं जू तर तूच घडवलंयस, तेही दोनशे पानी. गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढ. एकच अध्याय, आणि खूण करू नकोस.

माझंही सांगते, तुझ्या बाबालासुद्धा ठाऊक नाही. नोकरीत असताना कपाटातली औषधाची एक पेटी दिसेना, तर वरच्या बाईंनी सगळ्यांदेखत माझी पिशवी उपडी केली. डबा, रुमाल, एसटीचं तिकीट, सगळं फरशीवर. पेटी दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये सापडली. माफी कोणी मागितली नाही. पुढे चौदा वर्षं प्रभूच्या प्रार्थनेत ऋण्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मला खोकला यायचा. उपासना चुकवली नाही, दशांश चुकवला नाही, ती ओळ तेवढी गिळायचे. तुझ्या वहीत मला पैकीच्या पैकी मिळाले असते बघ.

त्या वरच्या बाईंना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. बांधलेली मी होते. शेवटी एवढंच म्हणू लागले, "प्रभू, हे माझ्याच्याने होत नाही, तूच बघ." कितीतरी महिने काहीच घडलं नाही. मग एका रविवारी 'आमेन' झालं आणि शेजारची म्हातारी कानाशी म्हणाली, "आज खोकला नाही वाटतं?" मला तोवर पत्ताच नव्हता.

बाबाबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. उपवास असला तरी खा. आणि फेरपरीक्षेचा फॉर्म भरलास का, ते आधी कळव.

तुझी,
आत्या