मोठा टायर घालावा काय?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव बसवतो. धाव तापवतो, चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आवळते. मोटारीचा टायर म्हणजे रबराची धावच. फरक एवढाच, की लोखंडी धाव ओझे स्वतः पेलते. टायरात ते पेलते आतली हवा.

अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांत मोसंबीच्या बागा पुष्कळ. माल जालन्याच्या बाजारात न्यायला आता गावोगाव पिकअप गाड्या आहेत. बहुतेक कर्ज काढून घेतलेल्या. जमीन काळी. पाऊस झाला, की बागेपर्यंतची वाट लोण्यासारखी होते आणि भरलेली गाडी रुतते. मग कोणी तरी सांगतो, "दादा, मोठे टायर टाका. गाडी उंच होईल, माल बी जास्त बसेल." खरे आहे का हे? आपण हिशेब करून पाहू.

टायरच्या अंगावर अंक असतात. समजा, २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा ७५, सुमारे १६ सेंटीमीटर. आर म्हणजे बैलाला टोचायची आर नव्हे! आतले दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे घातले आहेत, एवढेच ते अक्षर सांगते. १५ हा आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, इंचांत. त्याचे ३८ सेंटीमीटर होतात.

आता पाटी घ्या. वरची कड १६, मधले चाक ३८, खालची कड १६. बेरीज ७०. टायर ७० सेंटीमीटर उंच.

मोठा टायर २३५/७५ आर १५ घेतला, तर कड साडेसतरा सेंटीमीटरांची होते. बेरीज ७३. वाढले तीन सेंटीमीटर. पण आख चाकाच्या मध्यावर असतो. म्हणून गाडी उचलली जाते दीडच सेंटीमीटर, बोटाच्या जाडीएवढी. गुडघाभर चिखलात बोटभर उंचीने काय होणार? रुंद टायर मऊ जमिनीत थोडा कमी दबतो, हे कबूल. पण काळी माती नक्षीत भरून बसली, की रुंद काय अन् अरुंद काय, चाक जागच्या जागी फिरते.

उलट, तोटा कुठे होतो ते पाहा. पुढे मोठ्या दात्यांची चक्री असलेली सायकल चढावर जड जाते. तसेच इथे होते. चाक मोठे झाले, की इंजिनाची ओढ कमी पडते, ब्रेकलाही जोर जास्त लागतो. भरलेली गाडी वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. काट्यावर वेग ६० दिसतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते.

आणि माल? मुख्य गोष्ट हीच आहे. मापाच्या पुढे आणखी एक अंक असतो, तो ओझ्याचा. १०० असेल तर योग्य हवेवर एक टायर ८०० किलो पेलतो. १०४ म्हणजे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. मालगाडीच्या अरुंद टायरवर १०६ आणि मोटारकारच्या रुंद टायरवर १००, असेही आढळते. म्हणजे दिसायला दांडगा, पण कामाला हलका! मोठ्या अंकाचा टायर मिळाला तरी गाडीचे पाटे, आख आणि ब्रेक तेच राहतात. किती माल भरायचा ते नोंदणी पुस्तकातले वजन ठरवते, टायर नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही सांगते, की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करू नये. अपघात झाला तर विमावाले हेच उकरून काढतील.

म्हणून आधी गाडीचे पुस्तक उघडा, किंवा दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी वाचा. तिथे टायरचे माप असते, हवा किती ती असते. कंपनीने त्याच गाडीला दुसरे मोठे माप चालते असे लिहिले असेल, तर खुशाल घ्या. मात्र सगळे टायर बदला, स्टेपनीसुद्धा.

हवेकडे आपले फार दुर्लक्ष होते. ७० सेंटीमीटरचा टायर एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे वेळा फिरतो. हवा कमी असली, की प्रत्येक फेऱ्याला त्याची कड वाकते, तापते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. अशा सलग रस्त्यावर, वैशाखाच्या उन्हात, कमी हवेची आणि जास्त मालाची गाडी न थांबता पळवली, तर टायर फुटायला वेळ लागत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. रस्त्यात तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती काढून टाकू नये.

जुना टायर विकत घ्यायचा असेल, तर अंगावरचे शेवटचे चार अंक शोधा. ३२२४ असे असेल, तर तो २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. कधी हे अंक एकाच बाजूला असतात. दुकानदाराने ती बाजू भिंतीकडे केली असेल, तर टायर फिरवून दाखवायला सांगा आणि मग भाव विचारा.